सल्ला सदर: आधी पिशवी आणि पिंप, मग लोगो

पत्र

आमच्या विद्यापीठात दीड वर्षापूर्वी विद्यार्थ्यांचा पर्यावरण गट सुरू झाला. वसतिगृहाच्या मेसमधल्या ओल्या कचऱ्याचं आणि आवारातल्या पालापाचोळ्याचं खत करणं हे आमचं मुख्य काम. शिवाय ई-कचरा गोळा करतो आणि आवारातल्या झाडांची नोंद ठेवतो. येत्या ५ जूनला, पर्यावरण दिनी, गटाचा लोगो जाहीर करायचा आहे आणि त्याच दिवशी २०० कापडी पिशव्या वाटायच्या आहेत. चार नमुने सोबत पाठवले आहेत. पहिल्यात ओंजळीत पृथ्वी, वर दोन पानं, भोवती पुनर्वापराचे तीन बाण आणि कडेने गोलाकार विद्यापीठाचं व गटाचं नाव. दुसरा एआयने काढलेला, सर्किटसारखी मुळं असलेलं झाड. तिसरा थेंबात पान. चौथ्यात पिंपळपान आणि त्यात विद्यापीठाचं मानचिन्ह. काहींना संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांचं सतरा रंगांचं चक्रही हवं आहे. मतदान घ्यावं का? डिझायनरला द्यायला पैसे नाहीत.

– एका राज्य विद्यापीठातल्या गटाची समन्वयक

उत्तर

चारपैकी एकही नमुना जसाच्या तसा घेऊ नका. मेहनत दिसते, पण चौघांतही एक अडचण सारखीच आहे: ते मोबाइलच्या पडद्यावर बघून केलेत. तुमचा लोगो मात्र मांजरपाटाच्या पिशवीवर, खताच्या पिंपावर, ई-कचऱ्याच्या खोक्यावर आणि झेरॉक्स काढलेल्या सूचनेवर जास्त दिसणार आहे. दुसरं असं की खत हे तुमचं रोजचं काम, आणि चारपैकी एकाही चित्रात त्याचा मागमूस नाही. ही चित्रं उद्या सौर दिव्यांच्या दुकानाने किंवा सेंद्रिय गुळाच्या ब्रँडने लावली तरी कुणाला काही खटकणार नाही.

म्हणून चित्राकडे वळण्याआधी एका कागदावर लोगो कुठेकुठे लागणार त्याची यादी करा. सगळ्यांत अवघड जागा वर घ्या. तुमच्या बाबतीत त्या तीन आहेत.

पहिली जागा पिशवी. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई जाळीतून कापडावर ढकलली जाते. कापडासाठी साधारणपणे सेंटिमीटरला ४३ धाग्यांची जाळी वापरतात. जाडेभरडं कापड शाई पितं आणि शाई आजूबाजूला थोडी पसरते. त्यामुळे १ मिलिमीटरहून बारीक रेघ तुटक उमटते आणि १ मिलिमीटरहून अरुंद फट बुजते. तुमच्या पहिल्या नमुन्यातल्या हातांची बोटं पिशवीवर एकमेकांना चिकटून मोज्यासारखी दिसतील ती यामुळेच. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते, म्हणजे दोन रंगांना खर्चही वाढतो आणि दोन छापे एकमेकांवर तंतोतंत बसवण्याची कसरतही. हाताने छापताना मिलिमीटरभर सरकणं ठरलेलंच. रंगांच्या छटा एकमेकांत विरघळत जाणारा, पानावर चमक मारणारा नमुना इथे चालत नाही. ती छटा ठिपक्यांत फोडून छापावी लागते आणि खरखरीत कापडावर ते ठिपके गिचमीड होतात.

दुसरी जागा पिंप. बहुतेक ठिकाणी खतासाठी २०० लिटरचं निळं प्लॅस्टिकचं पिंप असतं. त्यावर रंग थेट मारू नका. ते ज्या प्लॅस्टिकचं असतं त्यावर साधा ऑइलपेंट धरत नाही. उन्हापावसात पापुद्रे सुटतात. पत्र्याचा एक तुकडा आधी रंगवून तो तारेने पिंपाला बांधा. पत्र्यावर स्टेन्सिलने काम छान होतं. पण स्टेन्सिलची स्वतःची एक अट असते: आकाराच्या आत बंदिस्त असलेला भाग कापला की गळून पडतो. ‘व’, ‘ठ’, ‘ब’ यांच्या पोटातले तुकडे सुटतात, आणि लांब शिरोरेषा कापली की तिथे सलग चीर पडून स्टेन्सिल लोंबतं. म्हणून प्रत्येक बंद पोटाला किमान एक पूल ठेवा, २ ते ३ मिलिमीटर रुंद, आणि शिरोरेषेला दर तीन-चार सेंटिमीटरला एक. जुन्या एक्स-रे फिल्मचं स्टेन्सिल चांगलं टिकतं. रंग स्पंजने, जवळजवळ कोरड्या हाताने टिपा. ओला रंग फिल्मखाली शिरतो आणि कडा फुगतात.

तिसरी जागा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपचं वर्तुळ. तिथे चौकोनी चित्राचे कोपरे कापले जातात. वर्तुळात पूर्ण बसणारा चौकोन मूळ बाजूच्या ७० टक्क्यांइतकाच असतो, म्हणजे १००० पिक्सेलच्या चित्रात मधल्या ७०० पिक्सेलच्या बाहेर कोपऱ्यांत महत्त्वाचं काही ठेवू नका. त्या वर्तुळात नाव घालूच नका. ग्रुपचं नाव शेजारी लिहिलेलं असतंच.

या तीन जागा जमल्या की पत्र, प्रमाणपत्र, पोस्टर यांची काळजी राहत नाही. फक्त प्रमाणपत्रं हातकागदावर छापणार असाल तर तोही कापडासारखाच धरा. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा कागद तुमच्या गटाला शोभेल, पण त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर केसासारख्या रेघा फुटतात.

आता चिन्हाकडे. पान, पृथ्वी, थेंब, ओंजळ, दिवा आणि तीन बाण, हे सहा आकार या क्षेत्रात इतके वापरले गेलेत की डोळा त्यांच्यावर थांबतच नाही. तीन बाणांबद्दल तर ठाम नकार द्या. ते चिन्ह १९७० मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने पुनर्वापर केलेल्या कागदासाठी घेतलेल्या स्पर्धेत काढलं. उत्तम चिन्ह आहे, आणि त्याचं काम ठरलेलं आहे: वस्तू परत कारखान्यात जाऊन नवी होते, हे ते सांगतं. तुम्ही मेसमधला भात आणि भाजीची देठं कारखान्यात पाठवत नाही. शिवाय प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर आकड्याभोवती असलेला त्रिकोण लोक याच चिन्हाशी जोडतात. खताच्या पिंपावर बाण दिसले की कुणीतरी त्यात बाटली टाकणार, आणि ती वेचायला तुम्हालाच हात घालावा लागणार.

मग काय काढायचं? नामवंत चिन्हं पाहिली तर त्यांतली बरीचशी ‘पर्यावरण’ ही मोठी कल्पना सोडून एखाद्या ठोस वस्तूला धरून उभी आहेत. जागतिक वन्यजीव निधीने १९६१ मध्ये पांडा निवडला. त्या वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात चि-ची नावाची पांडा होती. शिवाय काळ्या-पांढऱ्या प्राण्यामुळे छपाईचा खर्च वाचणार होता. आपल्या जवळचं उदाहरण स्वच्छ भारत अभियानाचं. २०१४ मधल्या खुल्या स्पर्धेतून निवडलेलं ते चिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचं. त्यात झाडू नाही, कचरापेटी नाही, चकाचक रस्ताही नाही. गांधीजींचा चष्मा, एका काचेत एक शब्द आणि दुसरीत दुसरा, बस. भिंतीवर रंगाऱ्याने हाताने काढला तरी तो ओळखू येतो. देशभरातल्या ग्रामपंचायतींच्या भिंतींवर, किती वेगवेगळ्या हातांनी, तो काढला गेलाय ते आठवून पाहा. तुमच्या चिन्हालाही हीच कसोटी लावा: ज्याला चित्रकला येत नाही अशा मुलाने ते खडूने फळ्यावर काढलं तर ओळखता यावं.

तुमची ठोस वस्तू तुमच्याच आवारात आहे. खत कसं होतं ते बघा: खाली काड्या, मग सुका पालापाचोळा, मग ओला कचरा, पुन्हा पालापाचोळा. एक बादली ओल्याला साधारण दोन बादल्या सुकं, असा थर लावला की वास येत नाही. हे थर म्हणजेच तुमचं चिन्ह होऊ शकतं. जाड पट्ट्यांचा ढीग, त्याचा वरचा भाग घुमटासारखा. किंवा वर अर्धवर्तुळाचं ताट आणि त्यातून खाली उतरत गेलेले मातीचे थर. गांडूळही चांगलं. एका सलग जाड रेषेत काढता येतं, आणि खतावर काम करणाऱ्या गटाला त्याची लाज वाटायचं कारण नाही. पान हवंच असेल तर वर वाढणारं नको, गळून पडलेलं, आडवं असू द्या. तुमचं काम झाडाने टाकलेल्या पानापासून सुरू होतं.

पान घेणार असाल तर ते खऱ्या झाडाचं घ्या, आणि वनस्पतिशास्त्र विभागातल्या कुणाला तरी दाखवून घ्या. झाडांची नोंद करणाऱ्या गटाच्या लोगोवर कोणत्याच झाडाचं नसलेलं पान शोभत नाही. पळसाची त्रिदली पानं लहान आकारातही नुसत्या बाह्यरेषेवर ओळखू येतात. कडुनिंबाची दातेरी, बारीक पर्णिकांची रांग १५ मिलिमीटरवर नुसता फरांटा होते. पिंपळाचा लांब शेपटा सुंदर दिसतो, पण त्याला धार्मिक अर्थ चिकटलेले आहेत. ते तुम्हाला हवे आहेत का, हे आधी ठरवा. नंतर खुलासे देत बसू नका.

काढायची पद्धत अशी ठेवा. संगणक बंद. तीन सेंटिमीटरचे चौकोन आखून जाड मार्करने चित्रं काढा. पेन्सिल नको, कारण पेन्सिलने माणूस बारकावे भरत बसतो. चार जणांनी प्रत्येकी दहा काढली तर तासाभरात चाळीस होतात. त्यातली पहिली वीसेक सगळ्यांची सारखीच निघतील, पानं आणि थेंब. ती हातावेगळी झाली की खरी कामाची सुरू होतात. तीन निवडा आणि काळ्या कागदातून कात्रीने कापून पांढऱ्यावर चिकटवा. कात्रीला जे जमत नाही ते पिशवीलाही जमत नाही.

मगच इंकस्केप हे रेषाचित्रांचं सॉफ्टवेअर उघडा. ते फुकट आहे आणि तुमच्या कामाला पुरून उरेल. १०० एककांचा चौकोन आखा. कोणतीही पट्टी ८ एककांपेक्षा बारीक नको आणि कोणतीही फट ६ पेक्षा अरुंद नको. हा हिशेब यासाठी की चिन्ह १७ मिलिमीटर रुंद छापलं तरी फट १ मिलिमीटर राहते, आणि ४० पिक्सेलच्या वर्तुळात ती दोन पिक्सेलहून थोडी जास्त उरते. ब्राउझरच्या टॅबमधल्या १६ पिक्सेलच्या चित्रात तीच फट एका पिक्सेलवर येते. तिथे एक थर कमी करून वेगळी, आणखी साधी आवृत्ती ठेवा.

एआयच्या झाडाबद्दल दोन शब्द. ते चित्र ठिपक्यांचं आहे, रेषांचं नाही. मोठं केलं की फुटतं. सॉफ्टवेअरकडून आपोआप रेषांत उतरवलं तर शेकडो बिंदूंची खडबडीत कडा मिळते, आणि ती साफ करायला नव्याने काढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. कल्पना सुचायला त्याची मदत घ्या, अंतिम आकार मात्र हाताने बांधा. कॅन्व्हामधल्या तयार पानाफुलांचंही तसंच: तोच आकार दुसऱ्या हजार जणांना मोकळा असतो आणि त्यावर तुमचा एकट्याचा हक्क कधीच बसत नाही.

नावाकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या, कारण मराठी लोगो बहुतेक वेळा इथेच बिघडतात. पहिल्या नमुन्यात तुम्ही नाव वर्तुळाच्या कडेने फिरवलंय. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना ते जमतं. देवनागरीची शिरोरेषा सरळ असते; वर्तुळावर चढवली की प्रत्येक अक्षराची रेघ वेगळ्या कोनात जाते, जोडांवर फटी किंवा टोकं दिसतात, वरच्या मात्रा फाकतात आणि खालचे उकार एकमेकांवर आदळतात. नाव सरळ ओळीतच ठेवा, चिन्हाच्या उजवीकडे किंवा खाली. अक्षरांमधलं अंतर वाढवून ‘ऐसपैस’ दिसावं असा मोहही टाळा, त्यानेही शिरोरेषा तुटते. हवा हवी असेल तर शब्दांमध्ये आणि ओळींमध्ये द्या.

तुमच्या नावात ‘पर्यावरण’ आणि ‘विद्यापीठ’ हे दोन्ही शब्द आहेत. ‘र्या’वरचा रफार कान्याच्या माथ्यावर बसतो आणि ठळक अक्षरात लहान आकाराला तिथे गोळा होतो. ‘द्य’चं जोडाक्षर तर आतून बुजतंच. म्हणून अतिठळक वजन टाळा. मध्यम किंवा अर्धठळक घ्या, आणि छपाईत अक्षराची उंची, मात्रा सोडून, ४ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. पिशवीवर १० ठेवा. टोपीवर किंवा टी-शर्टवर भरतकाम करून घेणार असाल तर नाव गाळून नुसतं चिन्ह द्या. धाग्याला रफार आणि वेलांट्या झेपत नाहीत.

फाँट खुल्या परवान्याचा निवडा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू दोन्ही फुकट आहेत आणि व्यावसायिक कामालाही चालतात. मुक्ता साधा आणि सरळ, बलू गोलसर आणि खेळकर. तुमच्या गटाला आम्ही मुक्ता सुचवू, कारण जाड थरांच्या चिन्हाशेजारी शांत अक्षर बरं दिसतं. ‘श’ आणि ‘ल’ नक्की तपासा. देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ ही मराठीची रूपं. काही फाँटमध्ये ती भाषा ‘मराठी’ निवडल्यावरच येतात, नाहीतर हिंदी वळणाची रूपं बसतात. शेजारी इंग्रजी नाव द्यायचं असेल तर दोन्ही एकाच आकड्याच्या आकारात ठेवू नका. देवनागरी अक्षराचं अंग रोमनच्या लहान अक्षरापेक्षा उंच आणि मोठ्या अक्षरापेक्षा किंचित ठेंगणं दिसेल असं डोळ्याने जुळवा. मराठी नाव वर.

विद्यापीठाचं पूर्ण नाव लोगोत बसवायचा अट्टाहास सोडा. चिन्ह आणि गटाचं नाव एवढाच लोगो. विद्यापीठाचं नाव वेगळी ओळ म्हणून पत्रावर, पोस्टरवर येईल. २५ मिलिमीटरहून लहान छापताना ती ओळ गाळायची, असा नियम लिहून ठेवा.

रंग शेवटी, आणि एकच. सगळं काम आधी काळ्या रंगात पूर्ण करा. त्यानंतर हिरवाच हवा असा हट्ट नको. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यांतला पोपटी (पडद्यावर लाल १२३, हिरवा १९३, निळा ६६ असा धरू) पांढऱ्यावर फार फिका पडतो; त्याचं कॉन्ट्रास्टचं, म्हणजे रंग आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं, प्रमाण २.२ ला १ भरतं. चिन्हासाठी निदान ३, लहान अक्षरांसाठी ४.५ असावं असा संकेतस्थळांचा सर्वमान्य निकष आहे. शिवाय पडद्यावरचा झगझगीत पोपटी छपाईच्या चार शायांतून येतच नाही, मळका होऊन उतरतो. गडद हिरवा (३१, ९२, ५८) घेतलात तर प्रमाण ८ च्या आसपास जातं. पण आमचं मत विचाराल तर काळ्या मातीचा, जवळजवळ काळाच तपकिरी घ्या: ६२, ३९, २८. प्रमाण १३ च्या वर. न धुतलेल्या पिवळसर मांजरपाटावर तो उठून दिसतो, झेरॉक्समध्ये टिकतो, आणि पर्यावरण दिनाच्या हिरव्या गर्दीत तुमचा गट वेगळा ओळखू येतो. छपाईसाठी सायन ५०, मॅजेंटा ७०, पिवळा ८०, काळा ६५ टक्के इथून सुरुवात करा आणि छापखान्याचा नमुना बघून कमीजास्त करा.

परवानग्यांचं काम आजच सुरू करा, कारण त्यात दिवस जातात. विद्यापीठाचं मानचिन्ह पानात बसवणं, त्याचा रंग बदलणं हे तुम्ही स्वतःहून करू शकत नाही. कुलसचिव कार्यालयाची लेखी परवानगी लागते, आणि बदललेल्या मानचिन्हाला ती मिळणंही कठीण. मानचिन्ह हवंच असेल तर पत्राच्या एका कोपऱ्यात मानचिन्ह, दुसऱ्यात तुमचा लोगो, दोन्ही स्वतंत्र. सतरा रंगांच्या चक्रालाही वापराचे नियम आहेत: ते मोडतोड करून दुसऱ्या चिन्हात मिसळायचं नसतं, आणि संयुक्त राष्ट्रांचं बोधचिन्ह असलेली आवृत्ती बाहेरच्या संस्थांसाठी नाही. शिवाय सतरा रंग म्हणजे पिशवीला सतरा चौकटी. वार्षिक अहवालात तुमचं काम कोणत्या ध्येयाखाली येतं ते शब्दांत लिहा, तेवढं पुरे.

मतदान घेऊ नका. ‘कोणतं आवडलं’ असं विचारलं की सगळ्यांत भरगच्च चित्र जिंकतं आणि ते काढणाऱ्याचे मित्र मोजले जातात. त्याऐवजी कात्रीने कापलेल्या त्या तीन चिन्हांची परीक्षा घ्या. प्रत्येक १५ मिलिमीटर रुंद छापा, त्याची झेरॉक्स काढा, झेरॉक्सची झेरॉक्स, आणि तिची आणखी एक. जे तिसऱ्या प्रतीतही ओळखू येतं ते पुढे. मग गटाबाहेरच्या दहा जणांना पाच सेकंद दाखवा आणि आठवून काढायला सांगा. या दहांत मेसमधले कर्मचारी आणि आवार झाडणाऱ्या मावशी असू द्या, कारण ओलं-सुकं वेगळं करण्याचं काम त्यांच्याच हातून होतं. ‘हे कशाचं आहे?’ एवढंच विचारा. कुणी ‘ढीग’, ‘माती’, ‘खत’ म्हणालं तर चिन्ह चाललं. कुणी ‘बर्गर’ म्हणालं, आणि थरांच्या चित्राला तो धोका खरंच आहे, तर वरचा घुमट कमी करा आणि पट्ट्या खाली रुंद होत जातील अशा करा. शेवटचा निर्णय तिघांनी घ्यावा, आणि ज्याने चित्र काढलं तो त्या तिघांत नसावा.

पैसे नाहीत म्हणून कुणी विद्यार्थी फुकट काढून देणार असेल तर कागद करा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे चित्राचा पहिला मालक ते काढणारा असतो, गट नव्हे. हक्क गटाकडे येण्यासाठी सहीचं पत्र लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर हस्तांतर पाच वर्षांचंच धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. म्हणून एका पानावर चित्राचा नमुना चिकटवा आणि ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर’ हे शब्द घाला; मोबदला काय तेही लिहा, अगदी पिशवी आणि प्रमाणपत्र असलं तरी. गट नोंदणीकृत नसेल तर हस्तांतर कुणाच्या नावे करायचं हे विद्यार्थी विकास विभागाला विचारून ठरवा. आणि त्या मुलाचं किंवा मुलीचं नाव गटाच्या माहितीपत्रकात नेहमी छापा. पैसे न घेता केलेल्या कामाचं श्रेय तरी पूर्ण मिळालं पाहिजे.

फाइली तयार करताना नावाची अक्षरं रेषांत बदला. इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, छापखान्यांतल्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज’. हे केलं नाही तर डीटीपीवाल्याच्या संगणकात तुमचा फाँट नसतो, आणि वेलांटी भलत्या अक्षराला जाते किंवा जोडाक्षर फुटतं. बदलल्यावर आणखी एक पायरी बरेच जण विसरतात: शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. पडद्यावर ते कळत नाही, पण व्हिनाइल कापणारं यंत्र प्रत्येक चढाव्यावर सुरी फिरवतं आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. सगळी अक्षरं निवडून ‘युनियन’ करा, कोरलमध्ये ‘वेल्ड’. जाड रेषांनी काढलेलं चिन्हही भरीव आकारात बदला, नाहीतर लोगो लहान करताना रेषा तेवढीच जाड राहते. एका फोल्डरमध्ये काळी, पांढरी आणि रंगीत आवृत्ती, प्रत्येकी एसव्हीजी आणि पीडीएफ. व्हॉट्सअ‍ॅपसाठी पारदर्शक नसलेली पीएनजी, नाहीतर पार्श्वभूमी काळी येऊ शकते. ज्या फाइलीत अक्षरं अजून अक्षरंच आहेत ती मूळ फाइल वेगळी जपा. हे फोल्डर गटाच्या सामायिक ईमेल खात्यावर ठेवा. शेवटच्या वर्षातल्या कुणाच्या वैयक्तिक खात्यावर ठेवलंत तर पदवीबरोबर लोगोही जाईल.

लोगो जाहीर करायला फ्लेक्स लावू नका. पीव्हीसीच्या फ्लेक्सवर पर्यावरण गटाचं नाव, हे पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. सुती कापडाच्या फलकावर स्टेन्सिलने रंगवा आणि दर वर्षी तोच वापरा. पिशव्यांवर ‘५ जून’ किंवा साल छापू नका, म्हणजे उरलेल्या पुढच्या वर्षी वाटता येतील. शाई पाण्यात मिसळणारी पिगमेंट मागा. प्लॅस्टिसोल नको, त्यात पीव्हीसी असतं. छापखान्याला आधी एकच पिशवी, त्याच कापडाची, त्याच चौकटीने छापून मागा. तिचे पैसे वेगळे द्यावे लागले तरी द्या. ती दोन दिवस सुकवा, मग साबणाच्या पाण्यात दोनदा धुवा. फटी उघड्या राहिल्या, कडा धरून राहिल्या आणि बोट घासल्यावर रंग आला नाही, तर बाकीच्या पिशव्यांना होकार कळवा. रंग सुटला तर बहुधा शाई नीट पक्की झालेली नाही. फिक्सर आणि उष्णता वाढवून दुसरा नमुना मागा. या फेरीला आठवडा धरा, आणि मेच्या मध्यावर पहिली पिशवी हातात येईल अशा बेताने चिन्ह एप्रिलअखेर नक्की करा.